टाकी रिकामी करण्याचा वेग

रशीद मिस्त्रींनी मोठा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा मी तीन नंबरच्या टाकीच्या सावलीत उभी राहून चहा पीत होते. पाणी पाइपात शिरल्याची घरघर आली, पायाखालची खडी किंचित थरथरली आणि रशीद मिस्त्री चाकावरचे हात पँटला पुसत म्हणाले, "निघाली गंगा."

"छोटा चालूच आहे ना?" मी विचारलं.

"चालू आहे की. तो गावाचा, हा नाल्याचा. साहेब म्हणले, दोन्ही सोडा. पेंटवाले यायलेत, त्यांना टाकी कोरडी पाहिजे."

"गावाला मग किती मिळणार?"

"मिळंल तेवढं मिळंल. छोट्या तोंडातून किती जाणार, मॅडम?"

छोटा म्हणजे चार इंची व्हॉल्व्ह. त्याला जोडलेला काळा प्लॅस्टिकचा पाइप कुंपणाच्या कडेने, मग बाभळींच्या रांगेतून काटेपिंपळच्या विहिरीपर्यंत गेला होता. तो आदल्या दिवशी सकाळपासून चालू होता. मोठा दहा इंची. त्याचं पाणी नाल्यात जायचं आणि नाला गावाच्या खालच्या अंगाने, उलट दिशेला उतरत होता. त्यात नुसते दगड आणि वाळू. सोडलेलं पाणी अर्ध्या तासात जिरून गेलं असतं.

तो डिझेलचा डेपो होता, बांधकाम चालू असलेला. उघड्या माळावर तीन टाक्या, प्रत्येक चार मजली घराएवढी उंच, पोलादी पत्रे वाकवून, एकावर एक रचून, वेल्डिंगने जोडलेल्या. अशा टाकीत तेल भरण्याआधी ती पाण्याने काठोकाठ भरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे पाण्याला टाकी टिकली तर तेलाला टिकणारच. एखादा जोड पाझरतो का, पाया एका बाजूला खचतो का, ते बघायचं आणि पाणी पुढच्या टाकीत घ्यायचं. बऱ्या पावसाच्या वर्षी परवानगी काढून धरणाच्या पाइपलाइनमधून आणलेलं हे पाणी एक नंबरमधून दोनमध्ये, दोनमधून तीनमध्ये आलं होतं. आता पुढे टाकी नव्हती. आणि त्या उन्हाळ्यात काटेपिंपळला सरकारी टँकर चार दिवसांतून एकदा येत होता.

मी पुण्याच्या एका तपासणी संस्थेकडून आले होते. शिक्षण पदार्थविज्ञानाचं, काम वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे वाचण्याचं. म्हणून साइटवर माझं नाव एक्सरे मॅडम. पहिल्या दिवशी रशीद मिस्त्री म्हणाले होते, "एक फोटो माझ्या छातीचा पण काढा, आत काय भरलंय ते बायकोला दाखवायचंय." टाकी भरण्यापासून रिकामी होईपर्यंत प्रत्येक पायरीला माझी परवानगी लागायची. ठेकेदाराचे साइट इंजिनिअर बोराटे यांना ते आवडत नसे, पण ते नियम पाळणारे होते.

चहा संपला नव्हता तेवढ्यात वरून आवाज आला.

मोठा नव्हता. रिकाम्या तेलाच्या डब्याची बाजू अंगठ्याने दाबावी आणि ती आत जावी, तसा. फक्त डबा चार मजली होता.

"हे काय?" रशीद मिस्त्री म्हणाले.

मी मागे मागे चालत गेले, पूर्ण टाकी दिसेपर्यंत. सकाळचं ऊन तिच्या गोल अंगावर तिरपं पडलं होतं. एरवी त्या प्रकाशाची एक सरळ उभी पट्टी दिसायची. आता वरच्या दोन पत्र्यांच्या उंचीवर ती पट्टी तुटली होती आणि तिथे एक सपाट, मंद चमकणारा भाग दिसत होता. मी बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा भाग हळूच आत गेला. पुन्हा तोच आवाज.

"बंद करा," मी म्हटलं. "दोन्ही. मोठा आधी."

"साहेबांनी तर—"

"मिस्त्री, टाकी आत ओढली जातीय. बंद करा."

त्यांनी वर बघितलं आणि ते चाकाला भिडले. दहा इंची व्हॉल्व्हला बरेच वेढे असतात. ते फिरवत असताना आणखी एकदा आवाज झाला. मग घरघर कमी होत थांबली. छोटा व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला.

अशी टाकी दिसायला भक्कम वाटते. आतून बाहेर ढकलणाऱ्या पाण्यापुढे ती असतेही. पण तिच्या आकाराच्या मानाने तिचा पत्रा अंड्याच्या कवचापेक्षा पातळ असतो. पाणी खाली जाताना तेवढीच हवा वरून आत आली पाहिजे. ती आली नाही, तर बाहेरची हवा टाकीला चेपते. त्यासाठी छतावर पाच व्हेंट ठेवलेले असतात, तोंड खाली वळवलेले, जाळी लावलेले पाइप. शिवाय माणूस उतरेल एवढं एक मॅनहोल, तेही पाणी काढताना उघडं ठेवायचं. काल सकाळी छोटा व्हॉल्व्ह उघडण्याआधी मी वर जाऊन सगळं पाहिलं होतं. पाचही व्हेंट मोकळे होते. मॅनहोलचं झाकण बोल्ट काढून बाजूला ठेवलेलं होतं.

बोराटे ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीतून जवळजवळ पळत आले.

"कोणी बंद करायला सांगितलं?"

मी टाकीकडे बोट दाखवलं. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"व्हेंट?"

"काल उघडे होते. मी पाहिले होते."

"मग आज काय झालं?"

तेवढ्यात छताच्या कठड्यावरून एक डोकं बाहेर आलं. डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल बांधलेला. चंद्रकलाबाई. साइटवर जोडांवर जमणारी वेल्डिंगची पापडी खरवडायला आणि झाडलोट करायला काटेपिंपळच्या चार बायका होत्या, त्यांतली ही एक. तिने कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"ओ मिस्त्री," ती वरून ओरडली, "हे खाली काय करायलात? माझ्या पायाखालचा पत्रा हलायलाय."

बोराटे पुटपुटले, "ही वर काय करतीय?" मग मोठ्याने, "चंद्रकला, खाली उतर. लगेच."

"थांबा," मी म्हटलं. "चंद्रकलाबाई, व्हेंटवर काही आहे का? त्या वाकड्या नळ्यांवर?"

"हाय की. फडकी बांधलीत म्या."

बोराट्यांनी कपाळावर हात मारला. "मॅनहोलवर?"

"ताडपत्री हाय. पर ती आत चाललीय, ताडपत्री. खोल गेलीय."

"काढून टाक ती," बोराटे ओरडले. "ओढ आणि काढून टाक."

"नका काढू," मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. मी फारशी ओरडत नाही, त्यामुळे रशीद मिस्त्रींनीही माझ्याकडे पाहिलं. "तिथंच कठड्याला धरून उभ्या राहा. मी येते."

"आता उघडायचं नाही तर कधी उघडायचं?" बोराटे म्हणाले.

"हळू उघडायचं. पत्रा आत गेलाय तसा तो बाहेरही येणार. एकदम आला तर छत हिसका मारील आणि ती त्याच्यावर उभी आहे."

त्यांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही कशाला जाता? रशीदला पाठवतो."

"मिस्त्रींचं वजन माझ्या दुप्पट आहे."

"हे बरोबर आहे," रशीद मिस्त्री म्हणाले.

टाकीच्या अंगाला लागून गोल जिना वर जातो. मी चढत गेले. मध्यावर हात पत्र्याला लावून पाहिला. तो थंड होता, आत पाणी होतं तिथपर्यंत. त्याच्या वर कोमट, आणि तिथे पत्रा जिन्यापासून हातभर दूर गेला होता. जोडांच्या रेषा मी नजरेने तपासत होते. या सगळ्यांचे एक्स-रे मी पाहिलेले होते, कुठे कोणाचा हात जड होता तेही मला ठाऊक होतं. कुठे फाटलेलं दिसलं नाही.

वरच्या फळीवर पोहोचले तेव्हा चंद्रकलाबाई जिन्यापासून दहा-बारा पावलांवर कठड्याला टेकून उभी होती. छत एरवी मध्याकडे हलकं चढत जातं. आता त्यात एक खोलगा पडला होता, परातीसारखा. त्याच्या काठावर मॅनहोल होतं आणि त्यात निळी ताडपत्री वाटीसारखी आत ओढली गेली होती. कडेला ठेवलेले दगड आतल्या बाजूला घसरले होते.

"ताई, टाकी फुटती का?" तिने विचारलं.

"नाही. आता नाही. पाणी थांबवलंय."

"पानी थांबिवलं?" तिचा आवाज बदलला. "गावाचं बी?"

"थोडा वेळ."

"बगा, म्हंजे माझ्यामुळं थांबलं ते." ती खाली बसली. "घंट्याभरापूर्वी आले वर. कबुतरं लई बसतात, हाकलायला आले. म्हनलं कापड सुटलंय का बघावं एकडाव."

"बांधलं कधी?"

"काल सांजच्याला. काल गावात पानी आलं ना. इहिरीत पडायला लागलं तसं समदे धावले. माझ्या दिराची लेकरं तिथंच वाकून वाकून प्याली. तवा मला आठवलं, वर उघडंच हाय. सकाळी तुमी झाकन काढून ठेवलेलं म्या बघितलं होतं. म्हनलं ताई इसरल्या."

"मी विसरले नव्हते."

"मग उघडं कशापाई ठेवलं? पानी हाय ते."

मी त्याकडे प्यायचं पाणी म्हणून कधी पाहिलं नव्हतं. ते टाकीच्या चाचणीचं वजन होतं. ती म्हणाली, "कबुतराची घान, धूळ, काय काय पडतंय. प्यायचं पानी उघडं कोन ठेवतं?"

पाचही नळ्यांना प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर धुतलेल्या लुगड्याचं फडकं आणि वरून सुतळी. गाठी नीट मारलेल्या. खालच्या छोट्या पाइपाने जेवढं पाणी जात होतं, तेवढ्याला गाठींच्या फटींतून आणि ताडपत्रीच्या सैल कडांतून येणारी हवा रात्रभर पुरली होती. मोठा व्हॉल्व्ह उघडताच ताडपत्री आत खेचली गेली आणि तिनेच तोंड बंद केलं.

"ऐका," मी म्हटलं. "टाकीला श्वास घ्यायचाय. आपण तो हळूहळू घेऊ द्यायचा. तुमच्या जवळची ती नळी आहे ना, कठड्याच्या शेजारची. तिची सुतळी सोडू नका. फक्त पिशवीला एक छोटं भोक पाडा. करंगळी जाईल एवढं."

"कशानं?"

"पापडी खरवडायचं ते आहे का कमरेला?"

होतं. तिने उभं न राहता, बसून सरकत नळी गाठली आणि टोक टेकवलं. शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला.

"आगं बाई," ती म्हणाली. "वढायलंय की हे."

"वाढवू नका. तेवढंच राहू दे. हात दूर."

मी माझ्या बाजूच्या नळीला तसंच भोक पाडलं. आम्ही दोघी कठड्याला धरून बसून राहिलो. मनात मी हिशोब केला होता. मॅनहोलच्या ताडपत्रीवर वीस-पंचवीस किलोचा ओढा असेल, माणूस आत जाण्याइतका नाही. भीती ओढ्याची नव्हती, उसळीची होती.

"किती येळ?" तिने विचारलं.

"शिट्टी थांबेपर्यंत."

"खाली साहेब लई तापलेत का?"

"थोडे."

"मला काढतील. काढू द्या." ती नळीकडेच बघत होती. "गावाचं पानी नका तोडू म्हनावं. अजून इहीर निम्मी बी भरली न्हाई. वरलं तळं तर कोरडंच हाय. तिथं भरलं असतं तर जनावरं बी जगली असती."

शिट्टीचा सूर उतरत गेला. मग एकाएकी छताखालून तोफेसारखा आवाज झाला, खोलगा उसळून वर आला, कठडा थरथरला आणि चंद्रकलाबाईने डोळे मिटून घेतले. खालून रशीद मिस्त्रींनी मोठ्याने काहीतरी म्हटलं. मी पाहिलं तर छत पुन्हा चढतं झालं होतं आणि ताडपत्री सैल पडून वाऱ्याने हलत होती.

"झालं," मी म्हटलं. "आता सगळं सोडा."

आम्ही पाचही नळ्या मोकळ्या केल्या. तिने प्रत्येक फडकं घडी करून कमरेला खोचलं.

खाली बोराटे जिन्याच्या पहिल्या पायरीशीच उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. माणसं सुखरूप आहेत हे बघून झाल्यावर त्यांचा राग परत आला.

"काय केलंस हे तुला कळतंय का? एवढी टाकी पाडली असतीस. वर तूच मेली असतीस."

तिने कमरेची फडकी आणखी आत खोचली.

"गाववाल्यांना आत घ्यायचंच नाही म्हणून मी सांगत होतो," ते माझ्याकडे वळले. "हेड ऑफिसला आता मी काय सांगू? गावातल्या बाईने व्हेंट बांधले, असं? मिस्त्री, तो गावाचा पाइप काढा. सगळं पाणी नाल्यात सोडायचं. मोठ्या व्हॉल्व्हने. उद्या दुपारपर्यंत मला टाकी रिकामी पाहिजे."

"बोराटे साहेब," मी म्हटलं, "व्हेंट उघडे ठेवायचे हे मी तुम्हाला सांगितलं होतं, मिस्त्रींना सांगितलं होतं. या बायका रोज छतावर जातात. यांना कोणी सांगितलं होतं?"

"त्यांना काय सांगायचं असतं?"

"तेच. आणि मोठा व्हॉल्व्ह उघडताना मला विचारलं नव्हतं."

रशीद मिस्त्री लांब जाऊन पाइपाची क्लिप बघू लागले.

"तुम्ही हे लिहिणार?" बोराट्यांनी विचारलं.

"झालं ते लिहिणार. सगळं. आधी टाकी तपासते."

दुपारपर्यंत मी टाकी तपासली. ओळंबा सोडून चारी बाजूंनी पत्रा मोजला. वरच्या पत्र्यात एका जागी ताटाएवढा पुसट खोलगा कायमचा राहिला होता, नियमात बसणारा. छत आणि भिंत जिथे जुळतात त्या जोडाला लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. भेग असली तर पांढऱ्यात लाल रेघ उमटते. एकही उमटली नाही. वेल्डर पोरांनी काम चांगलं केलं होतं.

या वेळात फाटकाबाहेर माणसं जमली होती. विहिरीत पडणारी धार थांबली, म्हणून विचारायला आलेली. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ वॉचमनला सारखं एकच विचारत होते, "बाबा, संपलं का आनखी हाय?" वॉचमन म्हणत होता, "मला न्हाई ठाव, आजोबा." चंद्रकलाबाई आतल्या बाजूला, फाटकाकडे पाठ करून बसली होती.

मी बोराट्यांच्या खोलीत गेले. ते फोन ठेवत होते.

"टाकी ठीक आहे," मी म्हटलं.

त्यांनी खुर्चीत मागे टेकून डोळे चोळले. "चला. निदान तेवढं. मग करू चालू?"

"छोटा आत्ता करा."

"आणि मोठा?"

"मोठा नाही."

"आज नाही?"

"ही टाकी रिकामी होईपर्यंत नाही. छोट्यानेच पूर्ण रिकामी करायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "छोट्याने? एवढ्या लांब पाइपातून? आठवडा जाईल, मॅडम."

"जाईल."

"व्हेंट उघडे असताना?"

"व्हेंट उघडे असताना."

बोराटे टेबलावर वाकले. वेल्डिंगच्या कांड्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा त्यांच्या टेबलावर होता. पेन काढून त्यांनी त्यावर टाकीचा व्यास लिहिला, पाण्याची उंची, खाली व्हेंटचा आकार गुणिले पाच. मी उभी राहून बघत होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला उत्तर येणार होतं. तिथे त्यांचं पेन थांबलं. बाहेरून त्या म्हाताऱ्यांचा आवाज येत होता.

"सेफ्टी फॅक्टर बराच धरलाय तुम्ही," ते म्हणाले.

"हो."

"पेंटवाल्यांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"हेड ऑफिसला?"

"तेच."

त्यांनी पुठ्ठा उलटा करून ठेवला. उठून दारात गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "रशीद, छोटा चालू करा. मोठ्याचं चाक काढून माझ्याकडे आणून द्या." मग थोडं थांबून, "आणि त्या चंद्रकलाला सांगा, वर चढायचं नाही. खालची कामं कर म्हणावं."

काळा पाइप आधी फुसफुसला, मग जड होऊन जमिनीला टेकला. फाटकाबाहेरची माणसं त्याच्या बाजूने चालत गावाकडे निघून गेली. पाण्याबरोबर चालल्यासारखी, पण पाणी त्यांच्या पुढे होतं.

पेंटवाले आले आणि सात दिवस पत्ते खेळत बसले. विहीर भरली, मग पाइप उचलून वरच्या तळ्यात सोडला. शेवटी शेवटी गढूळ, गंजाने तांबूस पाणी येत होतं, ते जनावरांना. विहिरीतलं मी बाटलीत घेऊन तपासलं. लोह थोडं जास्त होतं, बाकी ठीक. ब्लीचिंग किती टाकायचं ते ग्रामसेवकाला सांगितलं. तळ्याला शेवटचं पाणी गेलं त्या दिवशी माझं काम संपलं. बोराट्यांनी जेवढ्यास तेवढं बोलून मला जीपपर्यंत सोडलं.

पुण्यात आमच्या प्रमुखांनी विचारलं, "टाकी सुस्थितीत होती, तर एवढा वेळ का लावला? ठेकेदाराच्या हेड ऑफिसची तक्रार आहे." मी म्हटलं, टाकी एकदा चेपली गेली होती, मी सावध राहिले. ते म्हणाले, "नलिनी, सावध राहणं निराळं आणि हे निराळं." मोठ्या टाक्यांच्या कामावरून मला काढलं आणि पुढची काही वर्षं मी साखर कारखान्यांचे बॉयलर तपासत फिरले. त्या ठेकेदाराच्या साइटवर मला त्यानंतर बरीच वर्षं बोलावलं नाही. काटेपिंपळला परत जाण्याचंही काही कारण आलं नाही.

पाच व्हेंट आणि मॅनहोल मोकळं असताना तो दहा इंची व्हॉल्व्ह रात्रंदिवस उघडा ठेवला असता, तरी टाकीला काहीही झालं नसतं. हे मला छतावरून खाली उतरतानाच माहीत होतं. बोराट्यांना तिसऱ्या ओळीच्या आधी कळलं. नियमांनी मला एवढाच अधिकार दिला होता: रिकामं करण्याचा वेग किती ठेवायचा. किती हळू म्हणजे फार हळू, हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ते त्या दिवशी ठरवलं. माझ्या आयुष्यात बेरीज-वजाबाकीच्या बाहेरून घेतलेला तो पहिला आकडा होता, आणि तो बदलावा असं मला नंतर कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी, आता स्वतःच्या संस्थेतर्फे, मी खानदेशातल्या एका डेपोवर गेले. चार टाक्या, ठेकेदार तोच. शेवटची टाकी पाण्याने भरलेली होती आणि ढवळे नावाचे पन्नाशीकडे आलेले साइट इंजिनिअर मला पुढचा कार्यक्रम सांगत होते.

"पाणी उद्यापासून सोडू. नऊ-दहा दिवस लागतील, मॅडम."

"एवढे? मोठा व्हॉल्व्ह आहे की तुमच्याकडे."

"आहे. पण आमच्याकडे शेवटच्या टाकीचं पाणी छोट्या व्हॉल्व्हनेच काढायचं असतं. जवळच्या गावाला पाइप टाकून द्यायचा आणि सावकाश सोडायचं. सगळ्या साइटवर असंच. बोराटे साहेबांचा नियम आहे. ते आता मुंबईला असतात, सगळ्यांचे वरचे."

"असा नियम का, विचारलं नाहीत त्यांना?"

"विचारलं ना. मीच विचारलं होतं, मी हिशोब करून गेलो होतो. म्हटलं, साहेब, व्हेंट उघडे असले की एवढं हळू जायची काही गरज नाही." ढवळे हसले. "त्यांनी माझा कागद घेतला आणि उलटा ठेवला. म्हणाले, एका मॅडमनी तो हिशोब केलेला आहे. बरोबर आहे. पुन्हा करायचा नाही."